‘फ्यूर एलिझ’ बसलं, आता लगेच नॉक्टर्न? आधी बाख घ्या

डावखुरा:
पियानोवर बेथोव्हनचं ‘फ्यूर एलिझ’ पूर्ण बसलं (सगळे वाजवतात तेवढंच नाही, डावा हात एकच सूर ठोकत राहतो तो मधला भागही), क्लेमेंतीची ओपस (प्रकाशन-क्रमांक) ३६ मधली पहिली सोनाटिना (छोटा, सोपा सोनाटा) झाली, की बहुतेकांची नजर थेट शोपँच्या सी शार्प मायनर नॉक्टर्नवर (रात्रीच्या भावाची संथ, गाती रचना) जाते. माझ्या मते ही घाई आहे. आधी बाखचं एखादं इन्व्हेन्शन (दोन हातांत दोन स्वतंत्र सुरावटी चालणारी छोटी रचना) घ्यावं. तोवर डावा हात नुसती साथ करत आलेला असतो. इथे उजवा जे म्हणतो तेच त्याला म्हणावं लागतं, तितक्याच स्वच्छ. दोन आवाज नीट वाजवता यावेत आणि वादन गातं व्हावं म्हणून ही रचना आहे, असं बाखने १७२३ च्या प्रतीवर स्वतःच लिहिलंय. सूर लांबवणाऱ्या पेडलमागे लपायचीही सोय नाही. पहिलं किंवा आठवं घ्या.

काळी_पाच:
साफ अमान्य. मी हेच औषध घेतलं होतं. दोन महिन्यांत पियानोचं झाकण उघडायचा कंटाळा यायला लागला. ज्या सुरांसाठी जीव तुटतो ते वाजवायला घेतलं की सराव करा म्हणून कुणाला सांगावं लागत नाही.

डावखुरा:
आणि नॉक्टर्नच्या शेवटच्या पानावर? डाव्याच्या चार सुरांत उजव्याचे ३५ कोंबायचे आहेत. तिथवर हौसेने जाऊन अडकलेले बरेच पाहिलेत.

काळी_पाच:
कोंबायचे कशाला? ८, ९, ९, ९ असे वाटून घ्या, हळू बसवा, मग हिशेब विसरून सोडून द्या. मोजलेलं ऐकू आलं की ती जागा मेलीच.

संथलय:
तुम्ही दोघं अवघडपणा सुरांच्या गर्दीत शोधताय. शोपँचंच ई मायनर प्रील्यूड (छोटी स्वतंत्र रचना) बघा, ओपस २८ मधलं चौथं. जेमतेम २५ मात्रा-खंड, सूर आठवड्यात हाताखाली येतात. पण डाव्या हाताचे ते हळूहळू खाली सरकणारे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) उजव्याच्या लांब सुराला न झाकता वाजवून दाखवा! मोत्सार्टने १७८८ मध्ये स्वतःच्या यादीत ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून नोंदवलेला सी मेजर सोनाटाही तसाच. त्यातल्या सरळसोट सरगमी एकेका बोटाची चुगली करतात.

पाऊणपट:
बेथोव्हनचा मूनलाइट सोनाटा चालेल का?

संथलय:
पहिला भाग खुशाल. तिसऱ्याकडे इतक्यात बघूही नका.

डावखुरा:
काळी_पाच, कंटाळ्याचा मुद्दा पटला. मग दोन्ही एकदम चालू ठेवा: रोज आधी वीस मिनिटं इन्व्हेन्शन, तेही डावा हात एकटा, मग नॉक्टर्न.

काळी_पाच:
चालेल. पण तेरावं, ए मायनरचं. आठवं ऐकून कान विटलेत.