वूहानमध्ये एकच दुपार, हूबेई प्रांतीय संग्रहालयात काय पाहू?

प्रश्न: कामासाठी आलोय. संग्रहालय अवाढव्य दिसतंय. थेट कुठे जाऊ?

उत्तर: डोळे झाकून घंटांकडे! १९७८ साली सुईचौजवळ प्राचीन चीनमधल्या झेंग या छोट्या राज्याच्या यी राजाच्या थडग्यात सापडलेल्या ६५ कांस्यघंटा. मी तिथेच तासभर रेंगाळले. घंटा गोल नाहीत, बदामासारख्या चपट्या. म्हणून मधोमध ठोकली की एक सूर, बाजूला ठोकली की दुसरा. घंटा टांगलेली तुळई पेलणारे कांस्ययोद्धेही बघा, कमरेला तलवारी आहेत!

दुसरं उत्तर: आणि प्राचीन युए राज्याचा राजा गौजियान याची तलवार? १९६५ साली उत्खननात निघाली, अडीच हजार वर्षांनंतरही धार शाबूत.

प्रश्नकर्ता: घंटा वाजवून दाखवतात?

उत्तर: मूळच्या नाही हो, प्रतिकृती. आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं.