मदत हवी आहे: फ्लॉरेन्समध्ये सोमवारची दुपार, सोबत आई

पुढच्या महिन्यात ग्रुप टूरने आईसोबत इटलीला जातोय. फ्लॉरेन्सचा दिवस नेमका सोमवार, म्हणजे उफिझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड पुतळा असलेलं अकादेमिया ही दोन्ही म्युझियम बंद. टूर मॅनेजरला विचारलं, दिवस बदलता येणार नाही. सकाळी गाइडसोबत कॅथेड्रल बाहेरून आणि पोन्ते वेक्कियो हा जुना पूल होईल. जेवणानंतर तीन तास मोकळे; मग सान्ता क्रोचे चौकात परत जमायचं.

आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर हळूहळू चालते, पण कॅथेड्रलच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या अशक्यच, तिथे लिफ्ट नाही. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ यांच्या समाध्या असलेलं सान्ता क्रोचे चर्च तिला दाखवायचंच आहे. त्याआधी बसने पियाझ्झाले मायकेलअँजेलो या टेकडीवरच्या व्ह्यूपॉइंटला जाऊन वेळेत परतणं जमेल का? वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलंय? वरचा बसस्टॉप व्ह्यूपॉइंटच्या अगदी जवळ आहे, की तिथूनही चढ चढावा लागतो?