मदत हवी आहे : ब्राझीलमध्ये शाळेच्या जत्रेत खाण्याचं टेबल लावायचंय, पहिला प्रयत्न आपटलाय

खमंग_फोडणी

नमस्कार मंडळी. आम्ही कांपिनासला येऊन नऊ महिने झाले. साओ पाउलोपासून साधारण शंभर किलोमीटरवर आहे हे. लेकीच्या शाळेत मार्चमध्ये देशोदेशीच्या खाण्याचा कार्यक्रम होता. मी हौसेने साठ बटाटेवडे, हिरवी चटणी आणि मोठा थर्मास भरून मसाला चहा नेला. अकरा वडे गेले. त्यातले तीन आमच्याच घरच्यांनी खाल्ले.

शेजारच्या टेबलावर कोशिन्या होत्या (चिकन भरलेला, थेंबाच्या आकाराचा तळलेला प्रकार). तिथे रांग. माझ्याकडे जो येई तो विचारी, "तें फ्रांगु?" म्हणजे आत चिकन आहे का. बटाटा म्हटलं की छान हसून पुढे. एका मुलाने वडा मोडला, आतलं हिरवं बघून वास घेतला आणि तो कागदी रुमालात नीट गुंडाळून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून दिला. मी बघत होते. चहाचं तर विचारूच नका. एका आजींनी कप हातात घेऊन काळजीने विचारलं, "पोट बिघडलंय का कुणाचं?"

आता जूनमध्ये फेस्ता जुनिना (जूनची जत्रा) आहे आणि शाळेने परत टेबल दिलंय. यांना नक्की आवडतं काय? तिखट किती चालेल? चहा न्यावा की नाद सोडावा? पुरणपोळी करायचं मनात आहे. घरी आम्ही शाकाहारी आहोत, अंडंसुद्धा नाही, त्यामुळे चिकनचा सल्ला नको प्लीज.

निवांत_नंदू

वाचतोय. साठ वडे वाया गेले हे वाचून जीव तुटला.

पाउलिस्ता_काकू

फोडणी, अगं पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांनीच असे वडे परत आणलेत. पंधरा वर्षं झाली मला इथे, तर सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे तुझा वडा तिखटामुळे पडला असं मला वाटत नाही. कोथिंबिरीमुळे पडला. साओ पाउलोच्या बाजूला स्वयंपाकात पार्सली आणि कांद्याची पात घालतात, दोन्हीची एकच जुडी बाजारात मिळते. कोथिंबीर उत्तरपूर्वेकडे, बाइयाकडे भरपूर खातात. इथे मात्र कित्येकांना तिचा वास साबणासारखा वाटतो. तू ती वड्यातही घातलीस आणि चटणीतही. चटणी पुदिना-दह्याची कर. तिखट चटणी वेगळ्या वाटीत ठेव, वड्याला लावून देऊ नकोस. इथे मिरची ताटाबाहेर असते. खानावळीत टेबलावर तेलात बुडवलेल्या मिरच्यांची बाटली असते, ज्याला हवं तो दोन थेंब घेतो. जेवणात मुळात तिखट नाहीच. भात, लसूण-कांद्याच्या फोडणीचं फेइजाँव (राजम्यासारख्या दाण्यांची आमटी), कोशिंबीर, मांसाचा तुकडा आणि वरून फरोफा (मांजिऑका नावाच्या कंदाचं भाजलेलं पीठ), हे दुपारचं रोजचं ताट. कामावरची माणसं वजनावर जेवण मिळतं तिथे जातात, ताटली भरायची आणि काट्यावर ठेवायची.

दुसरं, तळलेल्या गोळ्यात काहीतरी भरलेलं असणार, आणि ते चिकन, खिमा नाहीतर चीज असणार, ही यांची खात्री असते. म्हणून वड्याच्या पोटात चमचाभर रेकेइजाँव घाल (आपल्या पसरवायच्या चीजसारखं मऊ). आता "तें फ्रांगु?" विचारलं की "तें केइजू", चीज आहे, म्हणायचं. जो "नाही" ऐकून जात होता तो थांबतो.

वडापाव करायचा असेल तर पाव फ्रान्सेज घेऊ नकोस, त्याची पापडी फार कडक. बिझनागिन्या नावाचे छोटे, मऊ, किंचित गोडसर पाव मिळतात, ते घे. "पाँव" म्हणताना लाजू नकोस, शब्द त्यांचाच आपल्याकडे आलाय.

पुरणपोळी नको. आवडणार नाही असं नाही, पण आत काय आहे सांगायची वेळ येईल आणि तू "गोड फेइजाँव" म्हणशील. फेइजाँव म्हणजे खारट, लसणीचं, रोजचं. तुला कुणी गोड आमटीभात वाढला तर कसं वाटेल तसं. त्याऐवजी तांदळाची खीर ने. आरोस दोसे या नावाने दालचिनी भुरभुरून ती जूनच्या जत्रेत असतेच. तू वेलची-केशर घालून ने, ओळखीचं आणि नवं दोन्ही होईल. आणि दोन चमचे साखर जास्तच घाल. कन्डेन्स्ड मिल्कवर वाढलेली माणसं आहेत ही, ब्रिगादेरू (त्यांचे चॉकलेटचे लाडू) म्हणजे दुसरं काय.

चहाचं मी उद्या लिहिते, पोळ्या राहिल्यात.

कोपाकबानाचा_गणू

काकूंनी सगळं साओ पाउलोचं सांगितलंय. आमच्या रिओत फेइजाँव काळं, त्यांच्याकडे तपकिरी ठिपक्यांचं. आणि त्या ठिपकेवाल्याचं नाव "कारिओका", म्हणजे रिओवाला! रिओत रोज ते कुणी खात नाही. पिझ्झ्यावर आम्ही केचप घेतो तर साओ पाउलोवाले असं बघतात की जणू श्रीखंडात लोणचं घातलं. तर "ब्राझिलियन लोकांना काय आवडतं" याला उत्तर नाही. उत्तरेकडे पारा राज्यात असाई (एका ताडाचं जांभळं फळ) मासळी आणि पिठाबरोबर जेवणात घेतात, साखर न घालता. तेच असाई इकडे खाली येऊन केळं, ग्रॅनोला आणि सिरप घालून आइस्क्रीम झालंय. दक्षिणेत रिओ ग्रांजी दो सुलमध्ये माणूस सकाळपासून गरम पाण्याचा थर्मास काखेत घेऊन शिमाहाँव (माटे नावाच्या पानांचा कडू, गरम चहा) ओढत असतो. आणि तिथेच साबुदाणा लाल वाईनमध्ये शिजवून गोड म्हणून खातात, सागू. आईला फोनवर सांगितलं तर ती पाच मिनिटं बोललीच नाही.

चहा नेऊ नका. इथे "शा" म्हणजे औषध. पोटाला बोल्दोचा काढा, झोपेला कॅमोमाइल. आजींचा प्रश्न बरोबर होता. आमच्या समुद्रकिनाऱ्यावर खांद्याला डबे अडकवून गार माटे विकतात, तो चालतो. पण दूध घातलेला चहा? दूध कॉफीत घालतात हो.

सदाशिव_पेठकर

वड्यात चीज? त्यापेक्षा वडा नेऊच नये. त्यांना आवडावं म्हणून आपला पदार्थ बिघडवायचा, मग तो आपला कसला?

पाउलिस्ता_काकू

पेठकर, बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, मिरचीही अमेरिकेतलीच, पाव पोर्तुगीजांचा. बेसन तेवढं आपलं, ते मी बदलायला सांगितलेलं नाही. :)

फोडणी, बेसनावरून आठवलं. फारिन्या जी ग्राँव-जी-बिकू म्हणून मिळतं. कधी साओ पाउलोला गेलीस तर मेर्कादाँव या मोठ्या मंडईजवळच्या झोना सेरेआलिस्तात जा. डाळी, मसाले, सुकामेवा सुट्टा मिळतो.

आता चहा. गणूचं म्हणणं वर्षाच्या अकरा महिन्यांना लागू आहे. जूनला नाही. जूनमध्ये इथे थंडी असते आणि प्रत्येक जत्रेत केंताँव असतो : काशासा (उसाच्या रसाची दारू), साखर, आलं, लवंग, दालचिनी एकत्र उकळून गरम गरम. शाळांमध्ये मुलांसाठी बिनदारूचाही करतात. म्हणजे आलं-लवंग-दालचिनीचा वाफाळता वास आला की यांना जून आठवतो, शेकोटी आठवते. मार्चच्या उन्हात तुझा चहा काढा होता. २४ जूनच्या साँव जुआँवच्या (सेंट जॉनच्या सणाच्या) आसपास तोच चहा सणाचा होईल. वेलची कमी कर, आलं वाढव. आणि पाटीवर "शा" लिहू नकोस!

काजूबी

मी म्हापशाची, सध्या लिस्बन. काजूकतली सुचवते. काजू मूळचा ब्राझीलच्या उत्तरपूर्वेचा, नावही तिथल्या तुपी भाषेतलं, पोर्तुगीजांनी आमच्याकडे आणला. आम्ही बोंडांची हुर्राक आणि फेणी करतो, ते लोक बोंडांचा रस पितात. तिथल्याच पिआउई राज्यात तो गाळून, बाटलीत उकळून सोनेरी काजुईना करतात, त्यात दारूचा थेंब नसतो. तर काजू त्यांना समजावून सांगावा लागणार नाही, चांदीचा वर्ख तेवढा सांगावा लागेल.

निवांत_नंदू

चिक्की का नाही कुणी सुचवत? टिकते, प्रवासात फुटत नाही.

पाउलिस्ता_काकू

कारण त्यांच्याकडे आहे. पे जी मोलेकी, गुळाचा पाक आणि शेंगदाणे, हुबेहूब. गुळाला हापादुरा म्हणतात, ढेपही आपल्यासारखीच. जूनच्या जत्रेत दर दुसऱ्या टेबलावर असते. न्यायचीच तर तिळाची ने.

खमंग_फोडणी

किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. काल शेजाऱ्यांवर प्रयोग केला. आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई साल्वादोरच्या, म्हणजे बाइयाच्या आहेत. त्यांना कोथिंबीर घातलेला आणि न घातलेला, दोन्ही वडे दिले. त्यांनी कोथिंबिरीचे चार खाल्ले आणि म्हणाल्या, हे तर बटाट्याचं अकाराजे. तो त्यांचा वडा चवळीचा असतो. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून, फेटून देंदेच्या (पामच्या) लाल तेलात तळतात. मग मधोमध चिरून त्यात सुकी कोळंबी, भेंडीचं कारुरू वगैरे भरतात. विकणारी विचारते "गरम की थंड?", आणि तिथे गरम म्हणजे तिखट! मी आयुष्यात तिखटाला गरम म्हणेन असं वाटलं नव्हतं, पण पाटीवर आता तेच लिहू का?

समोरच्या घरातल्या साओ पाउलोच्या जोडप्याने मात्र फक्त चीजवाले संपवले आणि डबा धुऊन परत दिला.

कोपाकबानाचा_गणू

"गरम" लिहू नका, कांपिनासला लोक फुंकर मारत बसतील. "पिकांची" लिहा, म्हणजे तिखट.

खमंग_फोडणी

जत्रा झाली, सांगायचं राहूनच गेलं. चाळीस वडे नेले होते, सहा उरले. उरलेल्यांत चीजचा एकही नव्हता. पेठकर, माफ करा. पुदिन्याची चटणी मुलांनी नुसती चाटली. खीर संपली, तिळाची चिक्की अर्धी परत आणली. काजूकतली शिक्षिकांनीच संपवली, वर्ख खायचा असतो हे मात्र चारदा सांगावं लागलं.

चहाच्या थर्मासवर "जेंजिब्री, क्रावू ई कानेला", म्हणजे आलं, लवंग आणि दालचिनी, एवढंच लिहिलं. सगळ्यात आधी तोच रिकामा झाला. मार्चमधल्या त्या आजी आल्या होत्या. मी घाबरतच कप दिला. दोन प्यायल्या, तिसरा हातात घेतला, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, यात काशासा घालायला जागा ठेवली आहेस ना?