कोकणात पोर्टेबल स्लॉट कार ट्रॅक: एमडीएफवाल्यांना उत्तर

मालवणचा पडवीकर
परवा इथे एका ठाणेकराने सल्ला दिला, की स्लॉट कारसाठी, म्हणजे खाचेतून विजेवर पळणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांसाठी, एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) चार बाय दोन फुटांचे तुकडे करा, राउटरने (खाच कोरायचं मशीन) खाच मारा, करंटसाठी दोन्ही बाजूंना कॉपर टेप चिकटवा, झाला तुकडे जोडून होणारा मोड्युलर ट्रॅक, गणपतीला डिकीत घाला आणि गावी न्या. खाली नुसती वाहवा. अरे बाबांनो, भाद्रपदात आमच्याकडे पापड डब्यातून काढल्या काढल्या मऊ पडतो आणि तुम्ही एमडीएफ आणताय? ते कापलेल्या कडेतून पाणी पितं, फुगतं आणि फुगलं की परत बसत नाही. खाचेची रुंदी जेमतेम ३ मिमी, कड उचलली की गाडीची गाइड, म्हणजे खाचेत चालणारी खालची पट्टी, अडकणार आणि दोन मोड्यूलच्या सांध्यात १ मिमीची पायरी झाली तरी गाडी थेट समईवर. १२ मिमीचं मरीन प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१० हा मरीन प्लायचा मानक नंबर छापलेलं, खाचेच्या आतूनसुद्धा इपॉक्सी मारा. खारी हवा कॉपर टेपला हिरवी करते ते वेगळंच.

मूळ पोस्टवाला, ठाणे
साहेब, प्लायमध्ये कधी राउटर चालवलाय का? आडव्या थराला चिरफाळ्या निघतात, मध्येच पोकळी लागली की खाचेची भिंतच गायब. एमडीएफची खाच लोण्यासारखी निघते, म्हणून जगभर लोक तेच वापरतात. कडा सील करायच्या हे मलाही कळतं. एक तुकडा ७ किलोच्या आत बसतो, एका माणसाला उचलता येतो आणि ट्रॅक मी ठाण्यातच ठेवणार, गावी फक्त पाच दिवस.

देवगडची वहिनी
"फक्त पाच दिवस" 😂 हे वाक्य ऐकून ऐकून आमचा माळा भरला. चाकरमानी येताना काहीतरी घेऊन येतात, जाताना डिकीत नारळ आणि तांदूळ बसवायचे असतात, मग "राहू दे वहिनी, पुढच्या वर्षी लागेलच". टेबल टेनिसचं टेबल असंच राहिलं, त्यावर आम्ही आता कोकम सुकवतो. वाळवी लागली की फोनवर आम्हालाच विचारणार, लक्ष नाही का ठेवलं. पोर्टेबल म्हणजे न्यायला सोपं एवढंच नाही हो, परतही गेलं पाहिजे.

कुडाळचो बाबल्या
काय ता प्लाय नि एमडीएफ घेऊन बसलास! रेडिमेड घेवा. माझ्याकडे कारेरा कंपनीचो आसा, करंटची पट्टी स्टेनलेसची, गंज नाय. गाडीखालचो मॅग्नेट पण धरता. तुमच्या तांब्याक मॅग्नेट चिकटणारच नाय, पोरांच्यो गाडयो पयल्याच वळणार भायर.

मालवणचा पडवीकर
बाबल्या, मॅग्नेट लावून पूर्ण थ्रॉटलने फिरवायची त्यात चालवणं कसलं? मागचं चाक सरकलं पाहिजे, तेव्हा बोटाला कळतं. आणि तुझ्या ट्रॅकला हात हात अंतरावर सांधा, प्रत्येक सांध्यात व्होल्टेज पडतं, लांबच्या टोकाला गाडी चढावरच्या एसटीसारखी.

मूळ पोस्टवाला, ठाणे
वहिनी, विषय ट्रॅकचा होता. पण काढलाच आहे तर, वर्षभर कौलं शाकारायला, पंप दुरुस्तीला पैसे कोण पाठवतं? तेव्हा चाकरमानी गोड लागतात.

देवगडची वहिनी
पैसे पाठवता, मान्य. कौलावर चढतं कोण? भर पावसात माळ्यावर टीप कुठे पडते ते बघायला बादल्या घेऊन फिरतं कोण? तिकडे गुगल पेचं बटण दाबलं की घर सांभाळलं असं वाटतं.

गुहागर, रिटायर्ड वायरमन
भांडण घरी करा. सांधा कधीही वळणात टाकू नका, सरळ भागात आणि खाचेला काटकोनातच. तुकडे नेमके जुळायला दोन डॉवेल पिना, घट्ट धरायला खालून टॉगल क्लिप. प्रत्येक मोड्यूलची दोन्ही टोकं एकाच मापाची ठेवा, म्हणजे कुठलाही तुकडा कुठेही लागेल, मॉडेल रेल्वेवाले सत्तरच्या दशकापासून हेच करतायत. टेपवर टेप टेकवून करंट पुढे जाईल ही आशा सोडा, खालून जाड वायर आणि पोलॅरिटी (प्लस-मायनस) चुकणार नाही असा प्लग. लाईट जाणारच, तेव्हा १२ व्होल्टची बॅटरी छान चालते, फक्त फ्यूज टाका, टाळलात तर वायर तापून मखर पेटेल. आणि ओव्हल असेल तर बाहेरच्या लेनवाला पोरगा रडतो, खाचांमध्ये ८ सेंमी अंतर म्हणजे प्रत्येक फेरीला अर्धा मीटर जास्त. इंग्रजी आठचा आकार करा, हिशोब फिटतो.

मालवणचा पडवीकर
काका, बाकी सगळं पटलं, पण तांब्याचं काय? फायनल सांगा.

गुहागर, रिटायर्ड वायरमन
टिनचा मुलामा असलेली तांब्याची विणलेली पट्टी. टेपच लावायची तर खेळण्याआधी खोडरबर फिरवा.

मूळ पोस्टवाला, ठाणे
विणलेली पट्टी घेतो, आठचा आकारही करतो. एमडीएफ मात्र बदलणार नाही.

मालवणचा पडवीकर
नका बदलू. कडा सील केल्या तर पाच दिवस तरेल, एवढं देतो तुम्हाला. विसर्जनानंतर ट्रॅक डिकीत भरल्याचा फोटो टाका म्हणजे झालं.

देवगडची वहिनी
फोटो कशाला, मी गडग्यावरून बघेनच. भावोजी, टेबल टेनिसचं टेबल कोणाचं ते अजून ओळखलं नाहीत का?