शब्दचर्चा : राउटिंग लूपला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल
सोलापुरात नेटवर्किंग शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. बरीचशी मुलं दिवसा कुठेतरी केबल ओढतात आणि संध्याकाळी वर्गाला येतात. राउटर (पुढचा रस्ता निवडणारी पेटी), स्विच (ऑफिसातली यंत्रं एकमेकांना जोडणारी पेटी), पॅकेट (माहितीचा एक तुकडा) हे शब्द तसेच ठेवलेत. त्यांचं मराठी केलं की मुलंच हसतात. अडलंय ते एका ठिकाणी. मुख्य लाइन तुटली की राउटर पर्यायी मार्ग धरतो, आणि कधी कधी पॅकेट दोन राउटरांमध्येच इकडून तिकडे फिरत बसतं. याला 'लूप' लिहिलं तर रेल्वेवाल्यांच्या घरची पोरं भलतंच समजतात. चक्र, फेरा, वळसा यातलं काय बसेल?

होटगीकर
भलतं नाही, बरोबरच समजतात की. आमच्याकडे लूप म्हणजे बाजूचा रूळ. मागून एक्स्प्रेस येत असली की मालगाडी लूपला घेतात, ती पुढं गेली की परत मेनला सोडतात. लूपला टाकलेली गाडी उशिरा का होईना, पोचते. तुमचं पॅकेट पोचतच नाही. अर्थ पार उलटा झाला ना राव!

बाळीवेस
'वळसा'ही त्याच कारणानं बाद. वळसा घालून माणूस मुक्कामाला जातोच. पर्यायी मार्गालाच वळसा म्हणा. दुसऱ्याला 'फेरा' चालावा.

केबलअण्णा
फेरा नको सर. फेरा आपण ठरवून मारतो. इथं कुणीच काही ठरवलेलं नसतं, प्रत्येक राउटर आपल्या परीनं पॅकेट पुढंच ढकलत असतो. मी 'चकवा' म्हणेन. रात्री शेतातनं येताना चकवा लागला की माणूस नीट चालत असतो, पाऊल कुठं चुकत नाही, पण परत त्याच बांधावर येतो. राउटिंगमधला घोळ अगदी हाच आहे. राउटरला अख्खा रस्ता कधी चालायचा नसतो. त्याला फक्त पुढचा शेजारी निवडायचा असतो. दोघांच्या निवडी एकमेकांकडे बोट दाखवायला लागल्या की संपलं.

मुलांना हे दिसतंही लगेच. ट्रेसराउट मारा, म्हणजे पॅकेट कुठल्या कुठल्या राउटरवरून जातं त्याची यादी येते. चांगल्या लाइनवर दर ओळीला नवा पत्ता येतो. चकव्यात चौथ्या ओळीला एक पत्ता, पाचव्याला दुसरा, सहाव्याला परत चौथीचाच, आणि हे तिसाव्या ओळीपर्यंत. विंडोजवर पिंग केलं, म्हणजे पलीकडून उत्तर येतं का बघितलं, तर 'टीटीएल एक्स्पायर्ड इन ट्रान्झिट' असं उत्तर येतं. म्हणजे पॅकेटला दिलेला टीटीएल नावाचा आकडा दर राउटरला एकनं कमी होत शून्यावर आला आणि कुणीतरी ते फेकून दिलं. हा आकडा जास्तीत जास्त 255 असतो. त्यानं चकवा सुटत नाही, फक्त पॅकेट कायमचं फिरत राहत नाही. तोवर लाइन मात्र तुंबते.

बाळीवेस
पण चकवा म्हटल्यावर कबड्डी आठवते. 'चढाईपटूनं चकवा दिला.' कुणीतरी मुद्दाम फसवतंय असं वाटेल.

केबलअण्णा
तो 'देतात', हा 'लागतो'. क्रियापद नीट वापरलं की भानगड नाही. 'पॅकेटला चकवा लागला' यात कुणाला कबड्डी दिसेल?

पाटीपेन्सिल
चकवा घेतला. आता पुढचं. चकवा लागू नये म्हणून पर्यायी शेजारी आधीच पारखून ठेवतात, त्या शेजाऱ्याला काय म्हणू? 'लूपरहित पर्याय' लिहिलं होतं, पण ते सरकारी परिपत्रकासारखं वाटतंय.

केबलअण्णा
'माघारी न पाठवणारा शेजारी.' लांब आहे, पण नियम नावातच येतो. उदाहरण असं द्या. सोलापूरच्या ऑफिसातून पुण्याला थेट लाइन, तिचं मोल, म्हणजे राउटरच्या हिशोबातलं अंतर, 10. सोलापूर ते पंढरपूर 5, पंढरपूर ते पुणे 20. सोलापूर ते बार्शी 5, बार्शी ते पुणे 12. थेट लाइन तुटली, तर माल कुणाकडे द्यायचा?

पंढरपूरचं बघा. त्याला पुण्याला स्वतःच्या लाइननं 20 पडतात, सोलापूरवरून 5 अधिक 10, म्हणजे 15. त्यामुळं तो सोलापूरवरूनच जातो. लाइन तुटल्याची खबर त्याला लागायच्या आत सोलापूरनं पॅकेट दिलं, की तो ते सरळ सोलापूरलाच परत करणार. चकवा! बार्शीला स्वतःहून 12 आणि सोलापूरवरून 15. बार्शी परत पाठवण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा नियम एवढाच : शेजाऱ्याचं मुक्कामापर्यंतचं अंतर हे 'शेजारी ते आपण' अधिक 'आपण ते मुक्काम' यापेक्षा कमी हवं. बरोबरीही चालत नाही. 2008 च्या आरएफसी 5286 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्ये हीच अट आहे. लाइन जाडजूड आहे म्हणून पंढरपूर निवडणारे लै बघितलेत मी.

होटगीकर
आणि रिप या राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायच्या जुन्या पद्धतीत 'ज्याच्याकडून ऐकलं त्यालाच परत सांगायचं नाही' असा नियम होता, स्प्लिट होरायझन. त्याला 'उलटी खबर बंद' म्हणायचो आम्ही. दोघांत चालतो, तिघं गोल बसले की फसतो. मग अंतर मोजत मोजत 16 वर गेलं की रस्ता मेला असं समजायचं. फार हळू प्रकरण.

जोडभावी
एक शंका. एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचला लावली तर होतं, त्यालाही चकवाच म्हणायचं का?

केबलअण्णा
नाही बे, तो वेगळा आजार. इथरनेटच्या, म्हणजे ऑफिसातल्या केबलवरच्या, फ्रेममध्ये (पॅकेट ज्या पाकिटात जातं त्यात) टीटीएल नसतोच, त्यामुळं ती मरत नाही; आणि सगळ्यांसाठी असलेली फ्रेम नुसती फिरत नाही, प्रत्येक स्विचवर तिच्या प्रती निघतात. सगळे दिवे एकदम फडफडायला लागतात, सगळं ऑफिस ठप्प. त्याला 'वादळ' हाच शब्द रुळलाय, तो राहू द्या. त्यावरचा इलाजही वेगळा. रॅडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये काढलेला स्पॅनिंग ट्री नावाचा स्विचांसाठीचा नियम जादा वाट बंद करून ठेवतो आणि गरज पडली की उघडतो. मूळ पद्धतीत उघडायला 30 ते 50 सेकंद जायचे, म्हणून 2001 मध्ये जलद आवृत्ती आली.

पाटीपेन्सिल
मग 'मायक्रोलूप' म्हणजे 'क्षणिक चकवा'?

केबलअण्णा
'क्षणिक' बसेल. बातमी सगळ्यांना एकाच मिलिसेकंदाला लागत नाही, एकानं नवा रस्ता धरलेला असतो, शेजारी अजून जुन्यावरच असतो. टिपणात एक ओळ जरूर घाला : दुरुस्तीसाठी लाइन ठरवून बंद करायची असेल, तर तिच्यापासून लांबच्या राउटरांनी आधी रस्ता बदलायचा आणि जवळच्यानं सगळ्यात शेवटी. लाइन परत सुरू करताना याच्या उलट.