मदत हवी आहे: घरी सिंथेसायझर रेकॉर्ड करताना मिडी घ्यावं की ऑडिओ? (आईचे अभंग, इनपुट दोनच)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला इंदिरानगरात राहते. आई ७४ वर्षांची आहे. तिला निवृत्तिनाथांचे आणि ज्ञानोबांचे मिळून वीसेक अभंग येतात. त्यांतल्या सात-आठ चाली तिला तिच्या आईकडून मिळालेल्या, त्या मी दुसऱ्या कुणाच्याही तोंडी ऐकल्या नाहीत. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्याआधी निदान बारा अभंग नीट रेकॉर्ड करून घरातल्या सगळ्यांच्या हाती द्यायचे, असं मनावर घेतलं आहे. आईचा सूर पूर्वी काळी पाच होता, आता काळी चारवर आलाय. आणखी वर्षभर थांबायची माझी तयारी नाही.

साथ मीच करते. सामान असं: ६१ कीजचा सिंथेसायझर, त्याला मागे डावं-उजवं अशी दोन आउटपुट आणि यूएसबी. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक-वाद्याचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी), एक कंडेन्सर माइक, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. माइक लावला की सिंथला एकच इनपुट उरतं. दोन्ही वायरी लावल्यावर मागचा स्वरभरणा खोलीभर पसरतो, तो एका वायरीत अगदी चपटा होतो. आईने आधी गाऊन घ्यायचं आणि मी नंतर वाजवायचं, हेही जमत नाही. ती माझ्या हाताकडे बघून गाते, मी तिच्या श्वासाकडे बघून वाजवते. क्लिक (लयीची टिकटिक) लावला तेव्हा दुसऱ्या ओळीलाच थांबली.

म्हणून सिंथ यूएसबीने जोडून मिडी (म्हणजे कोणती की कधी दाबली याची नोंद) घेतलं. चुकलेला एखादा सूर नंतर उचलून जागेवर ठेवता येतो, हे फारच आवडलं. पण तीन गोष्टींत अडकले आहे.

एक, ट्रॅक रेकॉर्डला लावला की वाजवताना प्रत्येक सूर दुहेरी, पोकळ ऐकू येतो. दुसरी जास्त छळते आहे. तेच मिडी कॉम्प्युटरमधल्या हार्मोनियमवर वाजवलं तर गांधार चढा लागतो, आईच्या गळ्याशी भांडतो. माझ्या सिंथवर तोच गांधार बरोबर लागतो. तिसरी म्हणजे ऑडिओ घेताना बारीक घूं असा आवाज येतो.

तर अशा वेळी मिडी घ्यावं की सरळ मोनो (एकाच वायरीचा) ऑडिओ घेऊन मोकळं व्हावं? नवा इंटरफेस घेणं सध्या शक्य नाही.

प्रतिसाद

ताई, तुमच्या गांधाराचं उत्तर बहुतेक तुमच्या सिंथमध्येच आहे. त्यात स्केल ट्यूनिंग (एखादा सूर थोडा चढवून किंवा उतरवून ठेवणं) केलंय का? काळी चार सा धरला की शुद्ध गांधार पांढरी एकवर येतो. पियानोच्या बारा सारख्या भागांत वाटलेल्या सप्तकात तो सा पासून ४०० सेंटवर असतो (असा एक भाग म्हणजे १०० सेंट). तंबोऱ्याशी जुळणारा गांधार सुमारे ३८६ वर. हा १४ सेंटचा फरक गाणाऱ्याला लगेच टोचतो. तुम्ही कधीतरी पांढरी एक उतरवून ठेवली असणार.

आता मिडीत काय जातं ते बघा. कोणती की दाबली, किती जोराने (१ ते १२७), कधी सोडली, बेंडचं (सूर वर-खाली ओढायचं) चाक किती फिरवलं. आवाज त्यात नसतोच. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना जोडता यावीत म्हणून ही भाषा ठरली. त्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन कंपन्यांचे सिंथ जोडून दाखवले होते. तुमच्या मिडीत फक्त 'पांढरी एक दाबली' एवढंच लिहिलंय. ती किती उतरवलेली आहे हे सिंथला माहीत, हार्मोनियमच्या प्लगिनला (कॉम्प्युटरमधल्या वाद्याला) नाही. बेंडचंही तसंच. सिंथवर चाकाची मर्यादा चार स्वर केली असेल आणि प्लगिनवर नेहमीचे दोन असतील, तर मींड अर्ध्यावरच थांबेल.

दुहेरी आवाजाचं कारण वेगळं. की दाबल्यावर सिंथ स्वतः वाजतो, आणि रीपरही तोच सूर त्याच्याकडे परत पाठवतो. सिंथच्या मेनूत लोकल कंट्रोल (की दाबल्यावर सिंथने स्वतः वाजणं) ऑफ करा, किंवा रीपरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (सूर परत पाठवणं) बंद ठेवा. मी असतो तर मॉनिटरिंग बंद केलं असतं. लोकल ऑफ राहिलं की पुढच्या वेळी सिंथ मुका वाटतो आणि माणूस घाबरतो.

धागाकर्ती

हो! दोन वर्षांपूर्वी आईनेच कान लावून तो सूर उतरवून घेतला होता. मी साफ विसरले होते. मॉनिटरिंग बंद केलं, दुहेरी आवाज गेला. मग मिडी बादच करू का?

प्रतिसाद

बाद करू नका, दोन्ही एकदम घ्या. मी गंगापूर रोडला घरीच रेकॉर्डिंग करतो, माझ्याकडेही दोनच इनपुट आहेत.

पहिल्या इनपुटला आईचा माइक. दुसऱ्याला सिंथचं डावं आउटपुट. बऱ्याच सिंथवर त्याच्या शेजारी मोनो लिहिलेलं असतं आणि उजवं रिकामं ठेवलं की पूर्ण आवाज त्या एकातून येतो. शिवाय यूएसबीने मिडी तिसऱ्या ट्रॅकवर. आई उठून गेल्या की माइक काढा, सिंथच्या दोन्ही वायरी लावा, आणि तेच मिडी तुमच्याच सिंथकडे पाठवून स्टिरिओ ऑडिओ घ्या. गांधार तोच, हात तुमचाच. हा ऑडिओ काही मिलिसेकंद मागे पडेल. स्क्रीनवर मोनो ट्रॅकशी आवाजाच्या लाटा जुळवून पुढे सरकवा; त्या मोनोचा खरा उपयोग हाच.

क्वांटाइझ (सूर ठोक्यांवर आपोआप नेऊन बसवणं) मात्र अजिबात करू नका, आणि रेकॉर्डिंगनंतर प्रोजेक्टचा टेम्पो बदलू नका. मिडी टेम्पोबरोबर ताणलं जाईल, गळा मात्र आहे तिथेच राहू शकतो. जागेची काळजी नको: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला मिनिटाला साधारण १७ एमबी लागतात. मिडी काही केबीत मावतं. सिंथचं ट्यूनिंग, टोन, रिव्हर्ब सगळं यूजर मेमरीत सेव्ह करा आणि टोनचा नंबर कागदावर लिहून ठेवा. सिंथ कधी बदलला तर त्या मिडीतून आजचा आवाज परत मिळणार नाही, म्हणून शेवटी जपायचा तो ऑडिओच.

घूं आवाजासाठी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. गेला तर अर्थिंगचा लूप आहे. रेकॉर्डिंगपुरता बॅटरीवर चालवा.

आणि आईंनी हेडफोन लावलाय ना? सिंथ स्पीकरवर वाजत असेल तर तुमचा चुकलेला सूर माइकमध्येही शिरतो. मग मिडीत तो दुरुस्त करून उपयोग नाही, जुना मागे ऐकू येतच राहील.

धागाकर्ती

चार्जर काढला, आवाज बंद. काल दुपारी एक अभंग तुम्ही सांगितलं तसा घेतला. अंतऱ्यात निषाद चुकला होता, तो मिडीत हलवून मग स्टिरिओ घेतला. आईला ऐकवला. डोळे मिटून पूर्ण ऐकला आणि म्हणाली, दुसरं कडवं परत घे, मी घाई केली.

हेडफोनचं मात्र अवघड आहे. दोन्ही कान झाकले की तिला स्वतःचा सूर सापडत नाही. कालचा निषाद हळू वाजला होता म्हणून निभावलं. सध्या एकच कप एका कानावर धरते, पण दहा मिनिटांत हात दुखतो. स्पीकर माइकच्या पाठीमागे, अगदी हळू ठेवला तर चालेल का? माइक कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त, पाठीमागचा कमी घेणारा) आहे. खोली दहा बाय बारा, एका भिंतीला कपाट, समोर खिडकी. माइकची पाठ खिडकीकडे करावी की कपाटाकडे?