इस्लामचा अभ्यास आणि आंतरधर्मीय संवाद: यात पूर्णवेळ काम करता येते का?

पळसफूल (आर्वी तालुका, जि. वर्धा)
नमस्कार. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असून इतिहास आणि मराठी हे माझे विषय आहेत. विनोबांचे ‘कुराण-सार’ वाचल्यापासून इस्लामचा रीतसर अभ्यास करावा आणि पुढे आंतरधर्मीय संवादाच्या कामात पडावे, असे मनाने घेतले आहे. घरी कोरडवाहू कापूस-तूर आहे. वडिलांचा विरोध नाही, पण “एवढे शिकल्यावर पगार कोण देईल?” हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. उर्दू-अरबी घरात कोणालाच येत नाही. हिंदू घरातल्या मुलीने हा विषय घेतला तर मुसलमान समाज तिचे म्हणणे ऐकून घेतो का, आणि अशा अभ्यासकाचे आयुष्य प्रत्यक्षात कसे घडते, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त मास्तर (यवतमाळ)
बाहेरच्या माणसाने हा अभ्यास कसा करावा, यासाठी विल्फ्रेड कँटवेल स्मिथ (१९१६–२०००) यांची वाटचाल पाहावी. टोरांटोत जन्मलेले हे ख्रिस्ती गृहस्थ १९४०च्या दशकात लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवत होते, आणि हिंदुस्थानातील आधुनिक इस्लामवरचा त्यांचा ग्रंथ १९४३ साली लाहोरलाच निघाला. म्हणजे ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्यात राहून त्यांनी लिहिले. पुढे १९५२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांनी इस्लामी अध्ययनाची संस्था काढली, तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी या दोहोंत निम्मे मुसलमान असावेत असा आग्रह धरला. १९६४ पासून ते हार्वर्डला जागतिक धर्मांच्या अध्ययन केंद्राचे संचालक होते. एखाद्या धर्माविषयीचे विधान त्या धर्माच्या अनुयायांना आपले म्हणून ओळखता आले पाहिजे, ही त्यांची कसोटी. मग टीकेला जागा कुठे उरते, असे विचारणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे मला पटते. तरीपण नवख्या अभ्यासकाने निदान पहिली काही वर्षे या कसोटीला उतरावे. विनोबांनीही कुराण मुळातून, अरबीतून वाचले होते आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९६२ मध्ये, ते सार प्रसिद्ध झाले. भाषेला पर्याय नाही.

वऱ्हाडी वाटसरू
पगाराचे बोलतो. ‘संवादक’ अशी जागा कोणी जाहिरात देऊन भरत नाही. अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, दिल्लीचे जामिया मिलिया आणि हैदराबादचे मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ येथे इस्लामी अध्ययनात एम.ए. करता येते, प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेत अरब संस्कृती व इस्लामी अध्ययन हा स्वतंत्र विषय आहे, आणि जे.आर.एफ. (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपयांची सोय होते. प्राध्यापकांच्या जागा मात्र थोड्या, आणि त्याही बहुतेक आपल्या भागाबाहेर. म्हणून असगर अली इंजिनियर (१९३९–२०१३) यांचे उदाहरण ताईंच्या वडिलांना अवश्य सांगावे. वडील बोहरा (शिया मुसलमानांतील एक पंथ) धर्मगुरू, त्यामुळे अरबी घरीच शिकले, पण पदवी स्थापत्य अभियांत्रिकीची घेतली आणि सुमारे वीस वर्षे मुंबई महापालिकेत नोकरी केली. बोहरा सुधारणेची चळवळ, दंगलींचा अभ्यास, १९८० ची इस्लामी अध्ययन संस्था आणि १९९३ चे समाज व धर्मनिरपेक्षता अभ्यास केंद्र ही त्यांची खरी कारकीर्द. २००४ मध्ये स्वामी अग्निवेश यांच्यासह त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. ताईंनी बी.एड. हाताशी ठेवावे, असे मी तरी म्हणेन.

अचलपूरकर
मी मुसलमान असून शाळेत मराठी शिकवते. पळसफूल, समाज ऐकून घेईल की नाही हे तुम्ही कशासाठी आलात यावर ठरेल. ईदला शिरखुर्मा खाऊन फोटो काढणारे पाहुणे आम्हाला भरपूर मिळतात. अभ्यासाला बसणारे फार थोडे. तालुक्याच्या गावी मुलींना शिकवणाऱ्या आलिमा (धर्मशिक्षण घेतलेल्या स्त्रिया) असतील तर त्यांच्याकडे नूरानी कायदा (अरबीची बाराखडी) घेऊन बसावे. लहान मुले त्यातूनच अक्षरे गिरवतात. ‘काफ’ आणि घशातून काढायचा ‘क़ाफ’ यांत तुमची जीभ अडखळली की शेजारची सात वर्षांची मुलगी हसेल. हसू द्यावे, कारण ओळख तिथेच होते.

दुसरे असे की अवघड प्रश्न टाळू नयेत. कुराणाच्या चौथ्या सूरेत (अध्यायात) मुलाच्या वाट्याच्या निम्मा वाटा मुलीला सांगितला आहे. त्याबद्दल जरूर विचारावे. मात्र तेव्हा आमच्या बायकाही तुम्हाला विचारतील की, कायद्याने समान वाटा असताना तुमच्या गावातल्या किती बहिणींनी भावांसाठी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या आणि त्यांपैकी किती जणींनी त्या मनापासून केल्या. याचे खरे उत्तर देण्याची तयारी असेल, तरच संवादाच्या कामाला हात घालावा.

पळसफूल
सर्वांचे आभार. अचलपूरकर ताई, आमच्या सातबाऱ्यावर आत्यांची नावे नाहीत, आणि ती का नाहीत हे मी घरी आजवर विचारलेले नाही. ते आधी विचारते. वाटसरू दादा, हैदराबादच्या विद्यापीठाचे माध्यम उर्दू आहे, तेव्हा लिपीपासून सुरुवात करणाऱ्या मुलीने आधी एक वर्ष केवळ उर्दूला द्यावे, की अलिगढ-जामियाची प्रवेश परीक्षा याच वर्षी देऊन पाहावी?